ओलाइनचं पोरगं पारखायचं कसं (आपटलेली पोरं मोजू नका)

अमेरिकन फुटबॉलमध्ये बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला यार्ड असतात, तो झेलणाऱ्या रिसीव्हरला कॅच असतात, डिफेन्सवाल्यांना सॅक (क्वार्टरबॅकला पाडलं की एक) असतात, ओलाइनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या आणि वाट करून देणाऱ्या पुढच्या पाच जणांतल्या, पोराला काय असतं तर घंटा. त्याच्याकडे लोकांचं लक्ष जातं ते फक्त होल्डिंगचं (समोरच्याला धरून ठेवल्याच्या फाउलचं) पिवळं फडकं पडलं की, मग दहा यार्ड मागे, आणि स्टँडमध्ये त्याची आई मान खाली घालून पॉपकॉर्न खाते. आकडाच नाही म्हणून हायस्कूलचे कोच स्वतःच एक आकडा मोजायला लागतात, पॅनकेक, म्हणजे समोरच्याला उताणा पाडला की एक. हा शब्द खरा गाजला तो ओहायो स्टेटच्या ओरलँडो पेसमुळे, १९९६ ला त्याच्या हाइझमनच्या (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूच्या ट्रॉफीच्या) प्रचारासाठी कॉलेजने पॅनकेकच्या आकाराचे फ्रिज मॅग्नेट पाठवले होते, आणि टॅकल (ओलाइनच्या दोन टोकांचे ते टॅकल, आत गार्ड, मधोमध सेंटर) असूनही तो मतदानात चौथा आला, पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या टीम कॉलेजची पोरं निवडतात त्यात, पहिला गेला. पण पेस ज्यांना आपटत होता ते बिग टेन या मोठ्या कॉलेजांच्या लीगमधले वाढलेले बाप्ये होते. हायस्कूलमध्ये समोर असतं एकशेसत्तर पाउंडाचं पोरगं, ज्याला टीममध्ये माणसं कमी म्हणून डिफेन्सिव्ह एंडला, म्हणजे डिफेन्सच्या ओळीच्या टोकाला, उभं केलंय. तीनशे पाउंडवाला त्याच्यावर चालून गेला तर ते पडणारच, त्यात कसब किती आणि वजन किती हे क्लिपवरून कळत नाही. म्हणून पहिलंच सांगतो, पॅनकेक मोजू नका, पाय बघा.

मी कोच नाही. ओहायोत एका हायस्कूल टीमसाठी आठ सीझन फिल्म करतोय, म्हणजे शुक्रवारी रात्री प्रेस बॉक्सच्या छतावर कुडकुडत कॅमेरा धरायचा आणि शनिवारी सकाळी हडल या फिल्मच्या साइटवर टाकून एकेक प्ले कापायचा. पोरगा टीममध्ये होता म्हणून सुरू केलं, तो केव्हाच निघून गेला, मी अजून छतावरच. या नादात कॉलेजचे कोच शाळेत आले की त्यांच्यामागे उभं राहून ते काय बघतात ते बघायची सवय लागली, आणि आता आपल्या मंडळींपैकी कुणाचा पोरगा ओलाइन खेळत असला की मला फोन येतो, दादा जरा बघ ना, डी-वन (कॉलेजचा सगळ्यात वरचा गट) होईल का. तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

माझी स्वतःची फजिती आधी. एका सीझनला आमच्याकडे दोन पोरं होती. एक ६ फूट २, तीनशेच्या वर, त्याच्या हायलाइट टेपमध्ये तेवीस पॅनकेक होते, मीच मोजलेले, कारण टेप मीच बनवली होती. दुसरा ६ फूट ५, सव्वादोनशे पाउंड, आधी टाइट एंड (टॅकलच्या बाजूचा, ब्लॉकही करतो आणि बॉलही झेलतो) खेळायचा, एक पोरगा जखमी झाला म्हणून नाइलाजाने टॅकलला ढकललेला, जर्सी अंगावर वाळत घातल्यासारखी. मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो की पहिला जाणार. मग एका मोठ्या कॉलेजचा ओलाइन कोच आला, कोचच्या ऑफिसात दोघांची फिल्म लावली, पहिल्याच्या सहा क्लिप बघितल्या, दुसऱ्याच्या एकाच क्लिपवर थांबला आणि ती पुढेमागे करत तीन-चार मिनिटं नुसती बघत बसला. त्या क्लिपमध्ये आमचा सडपातळ गडी हरला होता. समोरच्याने त्याला सरळ मागे ढकलत क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवला होता. मला वाटलं हा गेला आता. पण दोन आठवड्यांनी स्कॉलरशिपची ऑफर आली ती त्यालाच. तो कोच काय बघत होता हे कळायला मला पुढचे दोन सीझन लागले.

तो बघत होता की ढकलला जाताना पोराचे पाय काय करतायत. मागे जाताजाता त्याने दोनदा कंबर खाली नेऊन टाच रुतवायचा प्रयत्न केला होता, पाय एकमेकांजवळ आले नव्हते, हात समोरच्याच्या छातीवरून सुटले नव्हते, खांदे क्वार्टरबॅक आणि त्याच्यावर धावणाऱ्या रशरच्या मध्येच राहिले होते. कमी होतं ते फक्त वजन आणि ताकद. आणि वजन, ताकद हे कॉलेजला देता येतं, त्यासाठीच तर एवढ्या वेटरूम आणि दिवसाला पाच वेळचं जेवण आहे. पाय आणि कंबर देता येत नाही, निदान फार नाही. बाकीचं सगळं या एका गोष्टीभोवतीच फिरतं, पोरगं आज सतरा वर्षांचं काय करतंय यापेक्षा एकवीसचं झाल्यावर काय करू शकेल हे ओळखायचंय.

आता फिल्म बघायची कशी. हायलाइट टेप बघा पण पाच मिनिटं, ओळख करून घ्यायला, वधूवर सूचक मंडळातला फोटो बघतो तशी. मग पूर्ण गेम मागा, आणि तोही त्यांनी जिंकलेला नाही, सीझनमधल्या सगळ्यात तगड्या टीमविरुद्धचा, शक्यतो हरलेला. पूर्ण गेम द्यायला घरचे टाळाटाळ करत असतील तर तीही माहितीच आहे म्हणा. कॅमेरा बाजूने असतो तो अँगल ओलाइनसाठी फार कामाचा नाही, मागच्या एंड झोनमधून (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यातून) घेतलेला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पायांमधलं अंतर आणि खांद्यांची दिशा तिथूनच दिसते. प्रत्येक प्ले तीनदा बघा, पहिल्यांदा फक्त कमरेखाली, दुसऱ्यांदा हात, तिसऱ्यांदा प्ले संपल्यावर हा काय करतोय. बॉल कुठे गेला हे बघायचंच नाही, डोळ्यांना सवय लागेपर्यंत अवघड जातं, मी स्क्रीनवर वहीचं पान धरायचो.

सुरुवात करा थर्ड अँड लाँगपासून. तिसरा डाउन (दहा यार्डांसाठी चार संधी, त्यातली तिसरी), नऊ यार्ड हवेत, सगळ्या मैदानाला माहितीये की पास येणार, टॅकल एकटा आणि समोर त्यांचा बेस्ट एंड. स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू होतो त्या क्षणाच्या) आधी बघा की पोरगं कसं बसलंय, मांड्या वाकवून खाली गेलंय की पाठीतून वाकून ढुंगण वर केलंय. हा फरक म्हणजे सगळ्यात मोठी चाळणी, गुडघ्यातून वाकणारे आणि कमरेतून वाकणारे. कमरेतून वाकणाऱ्याचं डोकं पायाच्या बोटांच्या पुढे जातं, एंडने जरा बाजूला होऊन हात खाली ओढला की हा तोंडावर. मग स्नॅपनंतर पहिलं पाऊल. लेफ्ट टॅकल असेल तर डावा पाय मागे सरकतो, उजवा त्याच्या मागून घसरत येतो, याला किक स्लाइड म्हणतात, आणि इथे क्लिप एकेक फ्रेम पुढे न्या. दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला दोन्ही टाचा एकमेकींना लागल्या का? लागल्या तर त्या क्षणी तो एका काठीवर उभा आहे, एंडने तेव्हाच छातीत धडक दिली तर गेला. चांगल्या पोराचे पाय खांद्याएवढे फाकलेले राहतात, पाऊल जमिनीपासून जेमतेम उचलतं, आणि डोकं वरखाली होत नाही. पडद्यावर हेल्मेटच्या उंचीला बोट ठेवून बघा, बोट हलवावं लागलं नाही तर खुशाल फोन उचला.

अजून एक बघायचं, तो दार उघडतो का. म्हणजे एंड बाहेरून पळतोय असं दिसल्याबरोबर घाबरून खांदे पूर्ण साइडलाइनकडे वळवतो का, कारण मग आतली वाट मोकळी, हुशार एंड दोन पावलं बाहेर आणि तिसरं आत टाकून क्वार्टरबॅकला गाठतो. पोरगं असं एकदा हरलं तर हरकत नाही. त्याच एंडविरुद्ध पुढच्या पासला काय केलं ते शोधा. दुसऱ्या वेळीही तेच झालं, चौथ्या क्वार्टरलाही तेच, तर एकतर कुणी सांगत नाहीये किंवा सांगितलेलं शिरत नाहीये.

इथे एक खबरदारी, पासचा प्ले दिसला म्हणजे पास ब्लॉक दिसला असं नाही. हल्ली हायस्कूलमध्येही सगळे आरपीओ खेळतात, त्यात ओलाइन रनचाच ब्लॉक करते आणि क्वार्टरबॅक ऐनवेळी ठरवतो बॉल द्यायचा की फेकायचा. अशा चाळीस क्लिप बघून तुम्ही म्हणाल काय मस्त पास ब्लॉक करतोय, आणि त्याने सीझनभरात खरा ड्रॉपबॅक पास (क्वार्टरबॅक मागे सरकून फेकतो तो) दहा वेळा पण अडवलेला नसतो. उलट विंग-टी किंवा ट्रिपल ऑप्शन (जवळजवळ नुसते पळण्याचे डाव) खेळणाऱ्या शाळेतलं पोरगं जन्मात किक स्लाइड शिकलेलं नसतं, त्याला त्यावर नापास करू नका, त्याचे पाय दुसरीकडे बघायचे, ते खाली सांगतो. आणि जिथे फेकाफेकीच चालते तिथली पोरं कायम दोन पायांवर उभी, हात टेकवून बसलेली कधी दिसतच नाहीत, त्यांच्यात जमिनीलगत उसळून समोरच्याला मागे नेण्याची धमक आहे का हा प्रश्न उरतोच.

रन ब्लॉकमध्ये लोक धडक बघतात, मी धडकेआधीचं दुसरं पाऊल बघतो. पहिलं पाऊल सहा इंचांचं, दिशा देणारं, दुसरं पाऊल जमिनीला लागायच्या आत जर टक्कर झाली तर ताकद कुठून येणार, हवेतून? दुसरा पाय रोवलेला, हात समोरच्याच्या छातीच्या आत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, आणि मग कंबर पुढे ढकलत उठणं, हे ज्याला येतं तो २४० पाउंडांचा असला तरी माणूस हलवतो. हात बाहेरून मिठी मारल्यासारखे पडत असतील तर हायस्कूलमध्ये रेफ्री सोडून देतात, कॉलेजमध्ये प्रत्येक वेळी फडकं.

त्याहून मला आवडतो तो पुल. गार्ड किंवा टॅकल आपली जागा सोडून मागून पळत दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे येणाऱ्याला गाठतो, पॉवर आणि काउंटर या प्लेंमध्ये हे सतत दिसतं. मोकळ्यात पळताना सगळं उघडं पडतं, तो वळतो कसा, वळल्यावर वेग घेतो की जहाज वळवल्यासारखा वेळ घेतो, आणि हलणारा लाइनबॅकर (डिफेन्सच्या ओळीमागचा गडी) त्याला सापडतो का. मोठ्या शरीराची पोरं लाइनबॅकर जिथे होता तिथे पोचतात, चांगली पोरं तो जिथे असणार आहे तिथे. एका सीझनमध्ये पोरगं असं पाच-सहा वेळा करताना दिसलं तर मी वहीत तारा काढतो. आणि प्ले दुसऱ्या बाजूला गेल्यावर हा बॉलच्या मागे पळतो का उभा राहून कमरेवर हात ठेवतो, हे बघायला विसरू नका, चौथ्या क्वार्टरला विशेष.

समोर कोण होतं हा प्रश्न तर राहतोच. टेक्सासच्या ६ए (सगळ्यात मोठ्या शाळांचा गट) मध्ये खेळणारं पोरगं दर आठवड्याला कॉलेजला जाणाऱ्या कुणाच्या तरी समोर असतं, नेब्रास्काच्या खेड्यातल्या आठ जणांच्या फुटबॉलमध्ये तसं नसतं, तिथे सीझनभरात एकही कॉलेजचा गडी समोर येत नाही. छोट्या शाळेच्या पोराने समोरच्याला नुसतं हरवणं पुरेसं नाही, त्याने धुमाकूळ घालायला पाहिजे, तो त्या मैदानावर वेगळ्याच जातीचा दिसायला पाहिजे, तुम्ही नंबर न विचारता ओळखायला पाहिजे. तसा दिसला की मग पायांकडे वळा, पाय विरोधकावर अवलंबून नसतात.

आता शरीर. रोस्टरवर लिहिलेल्या उंचीवर विश्वास ठेवणं म्हणजे लग्नाच्या बायोडेटावर ठेवण्यासारखं आहे, ६-५ लिहिलंय म्हणजे ६-३ आणि बूट. मापायचं स्वतः, अनवाणी, भिंतीला टाचा लावून. आणि हाताची लांबी, ती खांद्याच्या टोकाच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हात सरळ. दोन्ही हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजतात ते वेगळं माप, बाप लोक हमखास गोंधळ करतात. लांब हात म्हणजे समोरच्याचा हात तुमच्या छातीला लागायच्या आधी तुमचा त्याच्या छातीला, एवढं साधं आहे. एनएफएलमध्ये टॅकलला ३३-३४ इंच हवेत असं म्हणतात, नॉर्थवेस्टर्नचा पीटर स्कोरोन्स्की कॉलेजात जबरदस्त लेफ्ट टॅकल होता पण हात भरले सव्वाबत्तीस, २०२३ ला टायटन्सनी त्याला अकरावा घेतला आणि गार्डला नेला. दुसरीकडे एलएसयूचा विल कॅम्पबेल कम्बाइनला (ड्राफ्टआधी एनएफएल मापं आणि चाचण्या घेते तिथे) ३३ च्या आत भरला, कॉलेजच्या प्रो डेला बरोबर ३३, तोच हात, तोच माणूस, फक्त टेप धरणारा वेगळा, आणि पेट्रियट्सनी २०२५ मध्ये चौथा घेऊन त्याला लेफ्ट टॅकललाच ठेवला. तेव्हा हात मोजा, पण अर्ध्या इंचावर पोरगं फेकून देऊ नका.

वजनाचं उलटं आहे. सोळाव्या वर्षी ३१५ पाउंड असणं ही चांगली बातमी असेलच असं नाही, त्यातलं किती पोटावर आहे ते बघा, कारण कॉलेजमध्ये पहिलं वर्ष ते उतरवण्यात आणि दुसरं परत चढवण्यात जातं. मी बघतो खांद्यांची रुंदी, मनगटं, घोटे, ढुंगण आणि मांड्या, आणि जमलं तर आईबापाला बघून घेतो, विशेषतः आईच्या भावांना. बैल पारखणाऱ्यासारखं वाटतं, इलाज नाही. लांब हाडांचा २४० वाला २९० होईल का हा अंदाज असतो, आणि विस्कॉन्सिन, आयोवासारख्या कॉलेजांनी या अंदाजावरच पिढ्यानपिढ्या घर चालवलंय, टाइट एंड घ्यायचा, खाऊ घालायचा, तीन वर्षांनी टॅकल काढायचा. लेन जॉन्सन टेक्सासमध्ये हायस्कूलला क्वार्टरबॅक होता, ज्युनिअर कॉलेजातही क्वार्टरबॅक, ओक्लाहोमाला जाऊन टाइट एंड, मग डिफेन्सिव्ह एंड, आणि शेवटी टॅकल. जेसन केल्सी आमच्या ओहायोचा, क्लीव्हलँड हाइट्सचा, सिनसिनाटीला स्कॉलरशिपशिवाय वॉक-ऑन म्हणून गेला तो लाइनबॅकर आणि रनिंग बॅक म्हणून, तिथे ओलाइनला आला, सहाव्या राउंडला ड्राफ्ट झाला आणि मग एनएफएलमधला नावाजलेला सेंटर झाला.

वर म्हटलं होतं पाय दुसरीकडे बघायचे, तर ते म्हणजे कुस्ती, गोळाफेक आणि बास्केटबॉल. कुस्ती सगळ्यात वर. दोन जणांनी एकमेकांच्या अंगावर भार टाकून तोल काढायचा, कंबर खाली, पाय सतत हलते, हेच तर ओलाइन आहे, फक्त हेल्मेट नाही. ज्याने लहानपणी आखाडा पाहिलाय त्याला समजावायची गरज नाही, पट काढायला आलेल्याला अडवणारा पैलवान ढुंगण मागे टाकून कसा रुततो ते आठवा. हायस्कूलमध्ये सगळ्यात वरचा गट २८५ पाउंडांना संपतो. आयोवाच्या माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स राज्याचा हेवीवेट चॅम्पियन होता, त्या २८५ मध्ये बसायला त्याला वजन उतरवावं लागलं, शिवाय गोळा आणि थाळी दोन्हीत चॅम्पियन. आयोवा विद्यापीठात पहिल्याच वर्षी टॅकलला स्टार्ट झाला, कर्क फेरेंट्झ १९९९ पासून तिथे हेड कोच आहे आणि त्याच्या हाताखाली तोपर्यंत असं कुणी केलं नव्हतं. जो थॉमसही हायस्कूलला गोळा-थाळीवाला, पुढे आमच्या क्लीव्हलँडच्या ब्राउन्ससाठी सलग १०,३६३ स्नॅप खेळला, एकही प्लेऑफ न बघता बिचारा, तो विषय आमच्याकडे काढायचा नाही. गोळा १२ पाउंडांचा असतो, तो किती लांब गेला यापेक्षा वर्तुळात फिरताना तो माणूस तोल कसा सांभाळतो ते बघायला ट्रॅक मीटला जा. बास्केटबॉलच्या गेमला गेलात तर वॉर्मअपला डंक मारतो का याच्या नादी लागू नका, डिफेन्सला बाजूबाजूला सरकताना पाय एकमेकांवर पडतात का ते बघा.

चाळीस यार्डांचा टाइम? विसरा. ओलाइनचा माणूस चाळीस यार्ड सरळ पळाला म्हणजे काहीतरी भयंकर चुकलंय. पहिल्या दहा यार्डांचा टाइम आणि शटल (दिशा बदलत पळायची चाचणी) बघायचे तर बघा. बेंच प्रेसचा आकडा बापाच्या समाधानासाठी असतो, स्क्वॉटला किती खोल जातो ते जास्त कामाचं.

उन्हाळ्यातल्या कॅम्पबद्दल थोडं, कारण घरच्यांचे सगळ्यात जास्त पैसे आणि अश्रू तिथेच जातात. वन-ऑन-वन नावाचा प्रकार असतो, एक ओलाइन, एक डिफेन्स, मोकळी जागा. यात डिफेन्सवाल्याला सगळा फायदा, बाजूला गार्ड नाही, बॉल कधी फेकला जाणार ते ठरलेलं नाही, त्याला हवं तिथून जाता येतं. म्हणून जिंकले किती, हरले किती यात पडू नका. मी एका कॅम्पला तारेच्या कुंपणाला नाक लावून उभा होतो, एक पोरगं पहिल्या वेळी साफ हरलं, कॅम्पच्या कोचने त्याच्या उजव्या हाताला धरून चार इंच खाली नेला, दोन शब्द बोलला. पोरगं रांगेत मागे गेलं. रांगेत उभं असताना बाकीची टिंगल करत होती आणि हे एकटंच हवेत हात खाली नेऊन परत परत ठोसा मारून बघत होतं. दुसऱ्या वेळी पण हरलं, पण हात बरोबर जागी होता. तिसऱ्या वेळी धरला. कोचने तेव्हा वर बघितलं सुद्धा नाही, नुसतं पॅडवर काहीतरी लिहिलं.

जागेचं म्हणाल तर हायस्कूलमध्ये जो बेस्ट तो लेफ्ट टॅकल, कोचकडे दुसरा पर्याय नसतो. त्यातले बरेच कॉलेजला गेल्यावर गार्ड किंवा सेंटर होतात, त्यात काही अपमान नाही, पण पारखताना मनात धरूनच चालायचं. ६-५ च्या आसपास, लांब हात, हलके पाय असतील तर टॅकल. ६-३, आखूड हात, जागेवर रुतणारा असेल तर आत. सेंटर म्हणून बघत असाल तर आधी शॉटगन स्नॅप (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा असतो तो) बघा, बॉल दर वेळी एकाच उंचीला जातो का, आणि स्नॅपआधी बोट दाखवून बाकीच्यांना काय सांगतोय. पोराशी बोलायला मिळालं तर कागद द्या आणि म्हणा तुमचा काउंटर काढून दाखव, फक्त तुझं काम नाही, पाचही जणांचं. मग विचारा, या सीझनचा तुझा सगळ्यात वाईट प्ले कुठला. ज्याला गेम, क्वार्टर, डाउन सगळं आठवतं आणि आपलं काय चुकलं ते सांगतो, त्याच्याबद्दल मी दोन ओळी जास्त लिहितो. ज्याला आठवतच नाही किंवा गार्डची चूक होती म्हणतो, त्याच्याबद्दल काही लिहीत नाही.

रिक्रूटिंगच्या वेबसाइट पोरांना देतात त्या स्टार्सचं काय, तर स्टार बघा पण ओलाइनच्या बाबतीत चिमूटभर मीठ जास्त घाला, कारण सोळाव्या वर्षी शरीर अर्धंच बनलेलं असतं आणि रेटिंग देणाऱ्यांना सगळीकडे पोचता येत नाही. २०१३ चा ड्राफ्ट आठवा, पहिल्या चारात तीन टॅकल. पहिला एरिक फिशर, सेंट्रल मिशिगनचा, हायस्कूलमध्ये मोठ्या कॉलेजांनी फारसं ढुंकूनही बघितलं नव्हतं. दुसरा ल्यूक जोकल, टेक्सास ए अँड एमचा, नावाजलेला. चौथा तोच आपला क्वार्टरबॅक लेन जॉन्सन. जोकल पाच सीझनमध्ये संपला, जॉन्सन पुढे दहा वर्षांहून जास्त खेळला.

मार्कांकडे दुर्लक्ष करणारे बाप मला भेटतात, आपल्या लोकांत कमी, पण भेटतात. डिव्हिजन वनला एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) नियमाने १६ कोर कोर्स (मुख्य विषयांचे) लागतात, त्यात २.३ जीपीए, आणि त्यातले १० सिनिअर, म्हणजे शेवटचं, वर्ष सुरू व्हायच्या आत संपवलेले पाहिजेत, त्यांतले ७ इंग्लिश, गणित, सायन्सचे. एसएटी-एसीटीची अट २०२३ मध्ये निघाली. सोफोमोर, म्हणजे हायस्कूलच्या दुसऱ्या, वर्षाच्या शेवटी कौन्सिलरसमोर बसून हे मोजून घ्या, जिम क्लासचं ए-प्लस यात धरत नाहीत. मार्क बरे असतील तर डिव्हिजन थ्रीचाही विचार करा, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते पण अभ्यासाची मदत मिळते, आणि ओलाइनला तिथे हुशार पोरांची चणचण असते.

हेही लक्षात घ्या की आता पोराची स्पर्धा फक्त त्याच्या वर्गातल्यांशी नाही. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे, ओलाइन कोचला उद्याच टॅकल हवा असेल तर तो तीन वर्षं वाट बघण्यापेक्षा दुसऱ्या कॉलेजातला बावीस वर्षांचा, दाढीवाला आणतो. २०२५ पासून ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा जाऊन मोठ्या कॉलेजांच्या रोस्टरवर १०५ ची मर्यादा आली, म्हणजे शंभराच्या पलीकडची जी वॉक-ऑन पोरं रेंगाळत शिकायची ती जागा आकसली. केल्सीसारखा आज कुठे बसला असता, मला शंका आहे. त्यामुळे ऑफर आली की विचारायचं, तुमच्या ओलाइनमध्ये हायस्कूलमधून आलेले किती आणि पोर्टलमधून किती, आणि पहिल्या वर्षी रेडशर्ट करणार का (म्हणजे बसवून खेळायचं एक वर्ष वाचवणार का), चार गेमपर्यंत खेळवला तरी वर्ष वाया जात नाही हे त्यांना माहिती असतं, तुम्हालाही माहिती असू द्या.

कॉलेजला पाठवायचं असेल तर एक पान पुरतं. खरी उंची, वजन, हाताची लांबी आणि कुणी कधी मोजली, जीपीए, दुसरे खेळ, हेड कोचचा फोन, एक पूर्ण गेमची लिंक आणि तीन मिनिटांची टेप. टेपमध्ये पहिल्या पाच क्लिपमध्ये दोन पास, दोन पुल आणि एक असा प्ले टाका जिथे तो हरताहरता सावरला. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला बाण दाखवून हा आपला असं कळू द्या, पाच सारखे दिसणारे जाडे एका रांगेत असतात हो. आणि ते गाणं काढून टाका, ओलाइन कोच सगळं म्यूट करूनच बघतात.